रोजा अंगठ्याचाही

पहिला रोजा धरला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दुपारी तीनच्या सुमारास भूक आणि ऊन दोन्ही डोक्यात गेले होते. गल्लीतल्या एका मित्राशी गोट्यांवरून भांडण झाले आणि माझ्या तोंडून शिवी गेली. अम्मीने ती ऐकली. ती रागावली नाही. माठातल्या पाण्याचा पेला भरून तिने माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘‘पी ले अब. रोजा तो मुँह सेच निकल गया.’’

मी रडलो, पण पाणी प्यायलो नाही. शिवी दिल्याने शरीयतच्या हिशेबाने रोजा तुटत नाही, हे मला पुढे कळले. आणि अम्मीचे म्हणणे तरीही चूक नव्हते, हेही पुढेच कळले. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा, की जो माणूस खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने खाणेपिणे सोडावे याची अल्लाहला गरज नाही. दुसऱ्या एका हदीसमध्ये रोजाला ढाल म्हटले आहे. कुणी भांडायला आले, शिवी दिली, तर ‘मी रोजेदार आहे’ एवढेच म्हणावे, असे त्यात सांगितले आहे.

आज आपण बोलतो कमी आणि मोबाईलवर लिहितो जास्त. मराठीत म्हण आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. आता जिभेलाही तेवढे कष्ट नाहीत, अंगठा पुरतो. माझा स्वतःचा एक रोजा असाच अंगठ्यातून निघून गेला. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी, परीक्षांच्या दिवसांत, तरावीहची नमाज आटोपून मी घरी आलो. पाठ टेकली आणि कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ दिसला. भर उन्हात एक बाई देवीच्या देवळाभोवती लोटांगण घालत होती. नवस असावा. आमच्यातल्या विज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी त्यावर हसणारा चेहरा टाकला होता. मीही टाकला. वर एक ओळ लिहिली, ‘एवढे श्रम दवाखान्याच्या रांगेत घेतले असते तर!’ चार जणांनी अंगठे दाखवले. मी समाधानाने झोपलो.

आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे एक परिचर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून होईपर्यंत इफ्तारची वेळ व्हायची, आणि घड्याळाकडे माझ्यापेक्षा मामांचेच जास्त लक्ष असायचे. माझा खजुराचा डबा त्यांच्या कपाटात असे. अजान ऐकू आली की ते डबा, दोन केळी आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवत, समोरच्या स्टुलावर बसत आणि एक खजूर स्वतः घेत. ‘‘सर, तुमच्यामुळं माझा पण अर्धा रोजा,’’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

त्या दिवशी मामांनी केळी आणली, पाणी आणले, डबा ठेवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारले, ‘‘मामा, बसत का नाही?’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘सर, माझी पोरगी चार वर्षांची होती, तेव्हा ताप डोक्यात गेला होता तिच्या. तिच्या आईनं देवीला असंच लोटांगण घातलं होतं.’’ आणि दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, ‘‘दवाखान्यात पण नेलं होतं, सर. अकरा दिवस होतो तिथं.’’

त्या संध्याकाळी खजूर घशाखाली उतरला नाही.

मी मामांची माफी मागितली. ‘‘जाऊ द्या सर,’’ ते म्हणाले. पण टवाळी चारचौघांत केली होती आणि माफी मात्र एकट्यात मागत होतो. हिशेब जुळत नव्हता. ग्रुपवर चार ओळी लिहायला मला एक अख्खी रात्र लागली. प्राध्यापकाचा अहंकार मोठा असतो. लिहिल्यावर त्याच विज्ञानाच्या प्राध्यापकांचा फोन आला. त्यांनी मित्रत्वानेच विचारले, ‘‘अरे, तू मुसलमान आहेस म्हणून घाबरलास का?’’

प्रश्न बोचरा होता, पण खोटा नव्हता. आजच्या दिवसांत माझ्या नावाच्या माणसाने देवीच्या नवसावर विनोद करणे आणि त्यांच्या नावाच्या माणसाने करणे, यात फरक पडतो. भीती थोडी होती, हे मी कबूल करतो. पण भीतीने मागितलेली माफी मोठ्या आवाजाच्या लोकांना उद्देशून असते. माझी माफी अशा माणसाला होती, ज्याने ग्रुपवर एक अक्षर लिहिले नव्हते आणि जो कधी लिहिणारही नव्हता. घाबरून गप्प बसणे आणि दुसऱ्याचा मान राखून बोलणे, बाहेरून सारखेच दिसते. घाबरलेला माणूस मात्र दार लावून घेतल्यावर तेच बोलतो.

या प्रसंगातली मला सर्वांत जास्त लाज वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मी मराठी शिकवतो. त्याच आठवड्यात मी वर्गात संत एकनाथांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड शिकवत होतो. त्या वर्षी नाथषष्ठीही रमजानच्या महिन्यातच आली होती. पैठणला यात्रा भरली होती आणि इकडे मी रोजा धरून नाथांवर बोलत होतो.

हे भारूड ज्यांनी वाचलेले नाही, त्यांना वाटते की त्यात दोघे गोड गोड बोलत असतील. तसे नाही. सोळाव्या शतकातले ते चांगले कडाक्याचे भांडण आहे. तुर्क मूर्तिपूजेवर, पुराणातल्या देवांच्या कथांवर, सोवळ्याओवळ्यावर तुटून पडतो. हिंदूही मागे राहत नाही. तो नमाजाच्या रीतीवर, पशुहत्येवर प्रश्न विचारतो. आजच्या एखाद्या ग्रुपवर ते जसेच्या तसे टाकले, तर संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात दोन्हीकडचे शिष्टमंडळ जाईल. तरीही शेवटी ते दोघे एकमेकांना नमस्कार करतात आणि मिठी मारतात.

हे कसे झाले, असे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना विचारतो. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, ते समोरासमोर उभे आहेत ना!’’ मला ते उत्तर पटते. त्यात मी आणखी एक गोष्ट जोडतो. दोघेही शेवटपर्यंत निघून जात नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याचे पुरते ऐकतो आणि मगच उत्तर देतो. दुसऱ्याच्या धर्मात काय सांगितले आहे, याची दोघांनाही माहिती आहे. मला देवीच्या नवसाबद्दल काय माहिती होती? काहीच नाही. त्या व्हिडिओतल्या बाईचे नाव, तिचे दुःख, तिचे मूल, काहीच नाही. मोबाईलवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मामांचा चेहरा मला तीन दिवसांनी दिसला.

इथे एक फरक नीट सांगायला हवा. दुसऱ्याची श्रद्धा मान्य करणे वेगळे आणि तिचा मान राखणे वेगळे. मी अल्लाह एक आहे असे मानतो, मूर्तिपूजा करत नाही. मामा मुहम्मद (स.) यांना पैगंबर मानत नाहीत. दोघांनी आपापले पाणी सोडून एकाच चवीचे सरबत करावे, असे मला वाटत नाही. ‘सगळे धर्म एकच’ असे म्हणून टाकले की बोलण्याचे कष्ट वाचतात, पण ते दोघांनाही पुरते खरे वाटत नाही. मतभेद आहेत आणि राहतील. मान राखण्याचा प्रश्न तिथेच तर येतो. जिथे मत जुळते, तिथे मान राखण्यात कसले आले आहे मोठेपण?

कुरआनच्या सहाव्या सूरहमध्ये, अल-अनआममध्ये, १०८वी आयत आहे. रमजानमध्ये पूर्ण कुरआन ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून ती जाते. मुसलमानांना तिथे सांगितले आहे, की अल्लाहखेरीज ज्यांची इतर लोक उपासना करतात, त्यांना अपशब्द वापरू नका. नाहीतर ते लोक रागाच्या भरात, अजाणता अल्लाहला अपशब्द वापरतील. एकेश्वरवादाशी तडजोड करा, असे ही आयत म्हणत नाही. जिभेला आवर घाला, असे म्हणते आणि कारणही व्यवहाराचे देते. आपण दुसऱ्याच्या देवाला बोललो, तर त्याच्या तोंडून निघणाऱ्या शिवीत आपलाही वाटा असतो. एकाने टाकलेल्या विनोदाला दुसऱ्याने दिलेले उत्तर, त्याला तिसऱ्याने दिलेले प्रत्युत्तर, असा जो आपल्या मोबाईलवर रोज चालणारा प्रकार आहे, त्याचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही.

एकोणपन्नासाव्या सूरहमध्ये, अल-हुजुरातमध्ये, आणखी दोन गोष्टी आहेत. एक, कुणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणता कुणाचे तरी नुकसान कराल आणि पस्तावाल. दुसरी, लोकांची टवाळी करू नका. ज्यांना हसता, ते कदाचित तुमच्याहून चांगले असतील. दुसरी गोष्ट वाचताना मला आता दर वेळी मामांच्या पत्नी आठवतात.

खातरजमेचे म्हणाल, तर ती मोबाईलवर थोडीशी सोपीही झाली आहे. अनेक हातांतून फिरत आलेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप दोन बाणांची खूण दाखवते. ते बाण दिसले, की समजावे, हे लिहिणारा माणूस पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. पण आपण काय करतो? ‘आला तसा पाठवला’ असे वर लिहून पुढे ढकलतो. ऐकलेले सगळेच पुढे सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची एक हदीस आहे. ‘आला तसा पाठवला’ या सबबीला तिच्यात जागा नाही.

मग काय, धर्माबद्दल प्रश्नच विचारायचे नाहीत? असे मी म्हणणार नाही. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन लोकांना देवाधर्माच्या नावावरच्या खुळचट रूढींबद्दल खडे प्रश्न विचारले, तिथे तसे म्हणता येणार नाही. पण बाबा ज्या लोकांना बोलत, त्यांच्याच गावचा रस्ता आधी झाडत. चिकित्सा करणारा माणूस आधी समजून घेण्याचे कष्ट घेतो. टवाळी करणाऱ्याला कष्ट नको असतात.

अल-बिरूनीचे उदाहरण मी याच साठी देतो. अकराव्या शतकात तो हिंदुस्थानात आला, तो गझनीच्या महमूदाच्या काळात. तलवारीचे दिवस होते. हा माणूस मात्र संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला आणि १०३०च्या सुमारास त्याने हिंदूंच्या शास्त्रांवर आणि चालीरीतींवर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला. हा वादासाठी लिहिलेला ग्रंथ नाही, हिंदूंचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत मांडणार आहे, अशी भूमिका त्याने सुरुवातीलाच घेतली. त्याचे मतभेद होते आणि त्याने ते लपवले नाहीत. पण समोरच्याचे म्हणणे आधी असे मांडायचे, की त्याने ‘हो, हेच आम्ही मानतो’ म्हणावे, आणि मग आपले मत सांगायचे. हजार वर्षांनंतरही चर्चेची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

मामांना अल-बिरूनी माहीत नाही. पण ती रीत माहीत आहे. गेल्या रमजानमध्ये त्यांच्या गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज आला, की रोज्यात हे लोक थुंकीसुद्धा गिळत नाहीत, म्हणून सगळीकडे थुंकत फिरतात. खाली हसणारे चेहरे होते. मामांनी तो कुणालाही पाठवला नाही. संध्याकाळी मला दाखवून विचारले, ‘‘सर, हे खरं हाय का?’’

मी सांगितले, की आपली लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही. पुष्कळ मुसलमानांचाही यात गैरसमज असतो आणि काही जण उगाच थुंकतातही, हेही सांगितले. मामांनी मान हलवली आणि तिथेच बसून, चष्मा नाकावर घेत, एकेक अक्षर शोधत ग्रुपवर लिहिले, ‘आमच्या सरांना विचारले. तसे काही नसते.’

त्यावर कुणी काही बोलले नाही. अंगठेही आले नाहीत. पण तो मेसेज त्या ग्रुपवरून पुढे गेला नसावा, असे मला वाटते.

रमजानचे अजून काही रोजे बाकी आहेत. माझ्या मुसलमान वाचकांना माझे सांगणे एवढेच, की पहाटे रोज्याची नीयत करताना त्यात अंगठाही धरा. आणि रोजा न धरणाऱ्या माझ्या वाचकांनाही यात सामील व्हायला हरकत नाही. या रोज्याला सहेरीची गरज लागत नाही. काही पाठवण्याआधी ज्याची ती श्रद्धा आहे, असा आपल्या ओळखीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणायचा. हेच वाक्य त्याच्या तोंडावर बोलता येईल का, ते पाहायचे. मी मामांना समोर आणतो.

अजान झाली, की मामा आताही डबा घेऊन येतात. स्टूल ओढून बसतात. आणि खजूर तोंडात टाकण्याआधी म्हणतात, ‘‘सर, माझा पण अर्धा रोजा.’’