घोरणारं मूल आणि रक्तातली खूण

“डॉक्टर, हा अगदी आजोबांसारखा घोरतो. झोप एवढी गाढ!” सहा वर्षांच्या मुलाची आई कौतुकानं सांगत होती. मी विचारलं, “मध्येच घोरणं थांबून एकदम शांतता होते का?” ती गप्प झाली. “होते. मग तो दचकून श्वास घेतो.”

ती शांतता म्हणजे झोपेतला श्वासरोध, ‘स्लीप ॲप्निया’. शंभरात साधारण एक ते पाच मुलांना तो असतो. मुख्य कारण वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडिनॉइड, दुसरं स्थूलपणा. मोठ्यांत तासाला पाचपेक्षा कमी अडथळे चालतात, मुलांत मात्र एकाहून जास्त असले तरी दोष मानतात.

प्रत्येक अडथळ्यात रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, हृदय धावतं, प्राणवायू पुन्हा चढतो. रात्रभराच्या या चढउतारानं रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूक्ष्म दाह होऊ शकतो. दाहाचा संदेश मिळाला, की यकृत ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’, म्हणजे सीआरपी, जास्त बनवतं. मोठ्यांत सतत वाढलेलं सीआरपी ही हृदयविकाराच्या जोखमीची खूण समजतात.

मुलांतही ती दिसते का? अमेरिकेत लुईव्हिल इथल्या डेव्हिड गोझाल यांच्या गटाला २००४ मध्ये श्वासरोध असलेल्या मुलांत सीआरपी वाढलेलं आढळलं. शस्त्रक्रियेनंतर ते उतरल्याचंही पुढे दिसलं. नंतर पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांची मोठी चाचणी झाली. २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. टॉन्सिल-ॲडिनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांत सुधारून नॉर्मल झाली. नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. रक्तातल्या खुणांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. त्या खुणांचं नातं श्वासरोधापेक्षा वजनाशी अधिक दिसलं.

म्हणजे खूण खरी, पण कच्ची. साध्या सर्दीनंही सीआरपी वाढतं, आणि या मुलांना सर्दी नेहमीचीच.

हे मी चूक करून शिकलो. त्या मुलाचं सीआरपी नॉर्मल आलं, तसे पालक निर्धास्त झाले आणि मीही. झोपेची तपासणी वर्षभर लांबली. तोवर शाळेत ‘लक्ष नाही’ म्हणून तो बोलणी खात होता. अंथरूणही ओलं करत होता.

आता मी आधी रक्त मागत नाही. मूल झोपलं, की फोनवर त्याचा श्वास चित्रित करून आणा, असं सांगतो. शंका आली, तर झोपेची तपासणी. रक्ताचा अहवाल त्यानंतर.