गाडीची नाडी : ओझ्याखालचा आवाज

मागच्या आठवड्यात सकाळच्या थंड इंजिनाची खटखट पाहिली. आज त्याच्या उलट दुखणं: रिकामी गाडी गुपचूप चालते, ओढायला लागली की ओरडते.

मागच्या उन्हाळ्यात हे आमच्याच वाट्याला आलं. दुसरबीडच्या अलीकडे हरभऱ्याची एक भरलेली गाडी क्लच जळून कडेला उभी होती. आमच्या ट्रकने तिला टोचन लावलं. सपाटीला सगळं ठीक. मग चढ लागला, दुसऱ्या गिअरमध्ये चार-पाच मिनिटं रखडत गेलो आणि केबिनखाली मळणीयंत्र सुरू झाल्यासारखी घरघर उठली. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "भाऊ, इंजिन बसलं वाटते!" चढ संपला, ओढ हलकी झाली, तरी रेस दिली की घरघर होतीच. दोनेक मिनिटांनी ती आपोआप विरली. गॅरेजात नेला तेव्हा ट्रक रिकामा आणि गार. मिस्त्रीने अर्धा तास कान लावला. आवाज काही निघाला नाही.

ओझं उतरलं तरी आवाज मागे रेंगाळला, खूण तीच होती. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असतं तर ठोका ओझ्याबरोबर आला असता आणि पाय सैल करताच बदलला असता. लोखंडाला रेंगाळता येत नाही, उष्णतेला येतं. आमची घरघर रेडिएटरच्या पंख्याची होती.

या पंख्याच्या मधोमध सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची दुहेरी धातूची पट्टी वाकते, तेलाला वाट मिळते आणि सैल फिरणारा पंखा इंजिनाच्या जोराने फिरू लागतो. पाणी निवलं की पुन्हा सैल. रात्रभर उभ्या गाडीत ते तेल आत उतरून बसतं, म्हणून सकाळी पहिल्या सेल्फला हीच घरघर मिनिटभर ऐकू येते. रोज ऐकूनही तिचं नाव आम्हाला सुचलं नव्हतं! म्हणजे आमचा ट्रक आजारी नव्हता, घाम पुसत होता.

पण प्रत्येक ओरड इतकी निरुपद्रवी नसते. चढाला फटफट असा कोरडा आवाज आणि मॅनिफोल्डच्या जोडावर काजळी दिसली, तर गॅस्केट फुटलंय. शिटी वाजते, काळा धूर येतो आणि ओढ कमी पडते, तेव्हा टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज आधी चाचपावा. टर्बोला दोष नंतर. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने चालते, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्याच फेऱ्या घेतो. आणि गिअर बदलला तरी आवाज बदलत नाही, फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, तर इंजिन सोडा, खाली वाकून जॉइंटचा क्रॉस हलवून बघा.

एक जुनी सवय मात्र मोडायला हवी. आपल्याकडचे जुने मिस्त्री चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करून कुठला सिलेंडर ठोकतोय ते ओळखत. जुन्या पंपावर ते चाललं. कॉमन रेलच्या गाडीत त्याच पाइपात हजार बारच्याही वर दाब असतो. त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून हातात शिरते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी थेट सर्जन गाठावा लागतो.

पंख्याचा क्लच तपासायचा तर इंजिन बंद, किल्ली खिशात. गार असताना हाताने फिरवा: थोडा अडखळत फिरला तर ठीक, भिरभिर फिरत राहिला किंवा मधल्या भागावर तेलाचा ओघळ असला तर क्लच संपला. तो संपला की चढावर घरघर येत नाही, पाणी उकळतं.

गॅरेजला जाताना गाडी शक्यतो भरलेलीच न्या आणि मिस्त्रीला शेजारी बसवून एक चढ चढा.

(पुढील आठवड्यात : काळा, पांढरा आणि निळा धूर)