मोबाइलवर नाडी मोजताय?

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आल्यावर ॲपने नाडी १२० दाखवली, तर घाबरू नका. चढल्यावर ती वाढणारच. फोनचा कॅमेरा बोटातल्या रक्तामुळे बदलणारा प्रकाश टिपून ठोके मोजतो. बोट हललं, की आकडा चुकतो. स्मार्टवॉचचा ईसीजी हृदयाकडे एकाच बाजूने पाहतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. म्हणून घड्याळाला ठोक्यांची अनियमितता कळू शकते, हार्ट अटॅक नाही. काळजीपोटी दर दहा मिनिटांनी मोजलंत, तर त्या काळजीनेच ठोके वाढतात आणि पुन्हा मोजावंसं वाटतं! असे स्क्रीनशॉट घेऊन येणाऱ्यांना मी आधी पाच मिनिटं नुसतं बसवतो. पण छातीत दाब, घाम, धाप किंवा हाताला-जबड्याला कळ असेल, तर ॲप ‘नॉर्मल’ म्हणत असलं तरी लगेच १०८ला फोन करा.