गंजलेला पाइप आणि नवे पाणी

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जुन्या घरांत हिवाळाभर तळघरातला बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरून परत येते. न्यू जर्सीत असे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला ही व्यवस्था अगदी नवी असते. बॉयलरजवळचा एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा जोड, गंजून गळू लागला की प्लंबर येतो, तेवढा तुकडा कापून नवा बसवतो आणि पैसे घेऊन जातो. ही दुरुस्ती अर्धीच आहे, असे माझे ठाम मत आहे. बंद यंत्रणेतले लोखंड केवळ वय झाले म्हणून गंजत नाही. बाहेरचे ताजे पाणी आत येत राहिले, तरच ते झिजत राहते. एकदा भरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाशी संयोग पावून लवकरच संपतो, पाणी काळपट होते आणि गंज जवळजवळ थांबतो. म्हणूनच कित्येक घरांत साधे काळे लोखंडी पाइप पन्नास-साठ वर्षांनंतरही आतून धडधाकट सापडतात.

मग ताजे पाणी येते कुठून? बहुतेक वेळा एक्स्पान्शन टाकीच्या बिघाडातून. १० अंश सेल्सियसचे पाणी ८० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. ही वाढ सामावून घ्यायला टाकीत हवा असते आणि हवा-पाण्यामध्ये रबरी पडदा. पडदा फाटला की दाब चढतो आणि ३० पीएसआयला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून थोडे पाणी सोडतो. पाणी निवल्यावर दाब पडतो, आणि साधारण १२ पीएसआयवर लावलेला भरण्याचा व्हॉल्व्ह नळाचे पाणी गुपचूप आत घेतो. बॉयलर प्रत्येक वेळी तापला की हेच पुन्हा घडते. सांध्यातली बारीक गळतीही फसवी असते. गरम पाइपवर पाणी जागीच सुकते, जमिनीवर थेंब पडत नाही आणि आट्यांभोवती फक्त पांढरी-तांबूस खपली साचते. ती खरवडून काढायची नाही, तिचा माग काढायचा.

एवढ्याशा पाण्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. हिशेब मांडू. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि तो साधारण २५ मिलिग्रॅम लोखंड खातो. रोज १० लिटर धरले, तर १८० दिवसांच्या हिवाळ्यात ४५ ग्रॅम. साऱ्या यंत्रणेवर सारखे पसरले तर हे नगण्यच. पण गंज सारखा पसरत नाही, तो आधी आट्यांच्या खाचा गाठतो. एक इंची पाइपची जाडी जेमतेम ३.४ मिलिमीटर, आणि आटे पाडताना त्यातली निम्मी आधीच कापली गेलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तांबे लोखंडाला भिडले म्हणून लोखंड गंजले, पाण्याचा काय दोष? हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले, तेव्हा तांबे वाचले आणि लोखंड झिजले, हे खरेच. पण ते पाणी समुद्राचे, खारे आणि उघड्यावरचे होते. या झिजेलाही ऑक्सिजन लागतो. तो संपलेल्या बंद पाण्यात तांबे-लोखंडाची जोडी वर्षानुवर्षे टिकते. दोघांमध्ये पितळी जोड घालणे शहाणपणाचे, पण ताजे पाणी येतच राहिले तर त्याचाही फारसा उपयोग नाही. गंजरोधक औषधाचे तसेच: चांगले आहे, पण प्रत्येक गळतीगणिक ते पातळ होत जाते.

म्हणून तुकडा बदलताना बॉयलर बंद आणि थंड करून, दाब उतरवून, पाना लावण्याआधी टाकीचा हवेचा व्हॉल्व्ह दाबून पाहावा. तिथून पाणी आले तर पडदा फाटलेलाच आहे आणि टाकीही त्याच दिवशी बदलायला हवी. गंजलेल्या एल्बोबरोबर शेजारचे निपलही (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा आखूड तुकडा) काढावे, कारण त्याच्या आट्यांनी तेच पाणी सोसलेले असते. शेवटी भरण्याच्या नळीवर छोटा पाणीमीटर बसवून घ्यावा. दुरुस्तीनंतर हवा निघून जाईपर्यंत काही दिवस तो थोडा पुढे सरकेल. त्यानंतरही सरकत राहिला, तर गळती अजून कुठेतरी आहे.