पिचमधून घडणारे कार्बनचे सूक्ष्म गोल

दगडी कोळशापासून कोक तयार करताना डांबर मिळते. ऊर्ध्वपातनाने त्यातील तेले काढून घेतली, की मागे उरणारा काळाकुट्ट, चकचकीत अवशेष म्हणजे पिच. या ओबडधोबड पदार्थाच्या पोटी सुबक गोल आकार कसे जन्म घेतात?

या प्रश्नाचा धागा ऑस्ट्रेलियातील खाणीत सापडला. तप्त शिलारसाने भाजून निघालेल्या कोळशाच्या थरात जी. एच. टेलर यांना सूक्ष्म गोल आढळले. पुढे त्यांनी व जे. डी. ब्रूक्स यांनी पिच तापवून तसेच गोल प्रयोगशाळेत पाहिले आणि १९६५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले.

हवेचा संपर्क टाळून पिच ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले, की त्यातील लहान रेणू जोडले जाऊन मोठे, चपटे रेणू तयार होतात. ते पुरेसे मोठे झाले, की पापडांच्या चवडीप्रमाणे एकमेकांना समांतर रचले जातात. ही द्रवस्फटिकाची अवस्था होय. प्रवाहीपण द्रवाचे, शिस्त मात्र स्फटिकाची! सभोवतालच्या द्रवातून हा भाग वेगळा होतो आणि पृष्ठताणामुळे गोल आकार घेतो. कारण तेवढ्याच आकारमानाला सर्वांत कमी पृष्ठभाग गोलाचाच असतो. ध्रुवित प्रकाशातील सूक्ष्मदर्शकाखाली हे गोल काळ्या पार्श्वभूमीवर उजळून दिसतात.

तापवणे चालू ठेवले, तर रश्श्यावरील तेलाचे थेंब मिसळावेत तसे हे गोल एकरूप होतात आणि अखेर घट्ट होऊन त्यांचा कोक बनतो. पिचमधील बारीक घनकण मात्र गोलांच्या पृष्ठभागावर चिकटून हे मीलन रोखतात.

उद्योगाच्या दृष्टीने मोल आहे ते याच टप्प्याचे. गोल निर्वेध मिसळले, तर सुईसारख्या रचनेचा कोक मिळतो. पोलादाच्या विद्युतभट्टीतील ग्रॅफाइटच्या कांड्या त्यापासूनच बनतात. उलट, वेळीच थांबून द्रावकाच्या साहाय्याने गोल वेगळे काढले, तर त्यांची बारीक पूड मिळते. १९९० च्या दशकापासून लिथियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रासाठी ती वापरली गेली.

एकदा कोक घट्ट झाला, की नंतर २८०० अंशांची भट्टीही त्याची मूळ घडण बदलू शकत नाही. असलेले थर ती फक्त अधिक नेटके करते. म्हणूनच पिच तापवताना हात नेमका कधी आखडायचा, यावर साऱ्याचा निकाल ठरतो.