वहाळाची फाइल

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडला की कोकणात मासे डोंगराच्या दिशेने निघतात. नदी गढूळ होते, वहाळ भरून वाहू लागतो आणि अंड्यांनी पोट फुगलेले मासे प्रवाहाच्या उलट चढत थेट भातखाचरांत शिरतात. हे चढणीचे मासे. रायगडाकडे याला वलगण म्हणतात. लोक रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडतात, मुठे म्हणजे खेकडेही त्याच रात्री सापडतात. माशाला जायचं असतं फार लांब नाही, पण नदीपासून खाचरापर्यंत पाणी सलग लागतं. मध्ये हातभर उंचीवरून पाणी ओतणारी सिमेंटची मोरी आली की मासा तिथेच थांबतो.

अशी मोरी बांधताना परवानगी कोण देतं? त्या वहाळाची फाइल कुठल्या कार्यालयात असते? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून ‘काम रखडलं’ यावर रकानेच्या रकाने लिहून झाले, आणि ते रास्तही होते. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ साली हाती घेतलेला. त्यानंतर किती गणपती खड्ड्यांतून गावी गेले हे चाकरमान्यांना विचारा. रस्ता कधी होणार हे सगळ्यांनी विचारलं. पाण्याला विचारलं का, हे फार थोड्यांनी विचारलं.

आधी नकाशा पाहू. पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आता ६६ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत उत्तर-दक्षिण धावतो. कोकणातलं पाणी धावतं पूर्व-पश्चिम. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत अंतर जेमतेम पन्नासेक किलोमीटरचं, रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो सगळा चार महिन्यांत. एसटीच्या खिडकीत बसून नद्या मोजत गेलं तर पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बावनदी, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड, तेरेखोल अशी जपमाळच होते. देशावर रस्ता पाणलोटाच्या माथ्यावरून नेता येतो, नदीच्या कडेकडेने नेता येतो. इथे ती सोय नाही. हा रस्ता प्रत्येक पाण्याला आडवाच जाणार. म्हणजे कागदावर तो रस्ता असला तरी जमिनीवर तो काही शे किलोमीटर लांबीचा बांध असतो, आणि त्या बांधाला भोकं किती, केवढी आणि कुठल्या पातळीवर ठेवायची एवढाच प्रश्न उरतो.

बांधकाम खात्याच्या भाषेत सहा मीटरपर्यंत गाळा असेल तर ती मोरी, सहा ते साठ मीटरपर्यंत छोटा पूल, त्यापुढे मोठा पूल. वर नावं घेतलेल्या नद्यांना पूल मिळतात, त्यांची भूमिपूजनं होतात. त्या नद्यांना जन्माला घालणारे पऱ्हे नि वहाळ मात्र मोरीत जातात. बरं, कोकणातला वहाळ पावसाळ्यात एका रेषेत वाहत नाही. तो मळ्यात पसरतो, एका खाचराच्या बांधावरून दुसऱ्यात उतरतो, चार ठिकाणी फुटतो नि खाली पुन्हा एक होतो. पसरल्यामुळे त्याचा वेग मोडतो, गाळ खाचरात बसतो, पाणी मुरतं, आणि विहिरीला मार्च-एप्रिलपर्यंत पुरतं. या मळ्यावर भराव टाकून एका टोकाला मोरी ठेवली की पसरलेलं पाणी एका तोंडातून जायला लागतं. वरच्या अंगाला फुगवटा येऊन भात कुजतं. खालच्या अंगाला तेच पाणी तोटीसारखं सुटून जमीन खरवडतं, मोरीच्या तोंडाशी खड्डा पडतो आणि पडद्यावरून पाणी कोसळायला लागतं. चढणीचे मासे अडतात ते इथे. दोन पदरांचे चार झाले की मोरीची लांबीही जवळपास दुप्पट होते, भराव उंचावतो, आणि जुन्या रस्त्यावरून कसंबसं ओसंडून जाणारं पाणी आता वरच्या वाडीतच थांबतं.

आता परवानग्यांकडे वळू. वनजमीन लागली तर १९८०च्या कायद्याखाली केंद्राची मंजुरी. अभयारण्य लागलं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळ; या रस्त्यावर कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य लागतंच. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम. खारफुटी असेल तर महाराष्ट्रात आणखी एक दार: मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात खारफुटी तोडायला सरसकट मनाई केली, सार्वजनिक हिताचा प्रकल्प असेल तरच आणि तोही न्यायालयाची परवानगी घेऊन. भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायचा. हे दार खरंच बंद होतं आणि ठोठावल्याशिवाय उघडत नाही. त्यामुळे खाडीवर पूल बांधणाऱ्या यंत्रणा न्यायालयात जातात, झाडं मोजतात, किती तोडणार ते शपथेवर सांगतात.

पण भरतीची रेषा संपली, वनखात्याची हद्द संपली की पुढे काय? पुढे असतो खाजगी मालकीचा मळा आणि त्यातून जाणारा वहाळ. त्याच्यासाठी उरतात दोनच कायदे, पर्यावरण मंजुरीचा आणि पाणथळ जागांचा. दोन्हींची व्याख्या नीट वाचली की वहाळ त्यांतून अलगद निसटलेला दिसतो.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ची. तिच्यात राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण तीस किलोमीटरहून लांब आणि वाढीव रुंदी वीस मीटरहून जास्त असेल तर मंजुरीच्या कक्षेत येई. तिथेही रस्ता एकाहून अधिक राज्यांतून जायला हवा अशी आणखी एक अट होतीच. २२ ऑगस्ट २०१३ला दुरुस्ती झाली. तीसचे शंभर किलोमीटर झाले, वीसचे चाळीस मीटर झाले, आणि वळणरस्ता किंवा नवी आखणी असेल तर साठ मीटर. हिशेब करून पाहा. तीस मीटर हद्दीचा रस्ता साठ मीटरचा केला तर वाढ तीस मीटर, म्हणजे चाळीसच्या आत. जनसुनावणी नाही, आघात अहवाल नाही. लांबीचं काय? निविदा काढताना रस्ता तसाही तुकड्यांत वाटला जातो. उत्तराखंडातल्या चारधाम रस्त्याचे सुमारे ९०० किलोमीटर ५३ कामांत विभागले गेले. तमिळनाडूत विळ्ळुपुरम ते नागपट्टिणम हा १८० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता चार तुकड्यांत होता. मद्रास उच्च न्यायालय म्हणालं, मंजुरी घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९ जानेवारी २०२१ला तो निकाल फिरवला. शंभर किलोमीटरहून लांब रस्त्याचे तुकडे पाडणं कितपत योग्य, हे पाहायला तज्ज्ञ समिती नेमा असं मात्र पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं.

या सगळ्यात मोजमाप आहे ते रस्त्याचं: किती लांब, किती रुंद. त्याने किती वहाळ ओलांडले, किती मळे दुभंगले हा आकडा सूत्रात कुठेच नाही. देशावर माथ्यामाथ्याने जाणारे शंभर किलोमीटर आणि महाड-चिपळूणमधले शंभर किलोमीटर कायद्याच्या लेखी सारखेच.

दुसरा कायदा पाणथळ जागांचा. २०१७च्या नियमांत पाणथळ म्हणजे काय हे आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या शब्दांत सुरू होतं, दलदल, पाणपट्टा, नैसर्गिक वा कृत्रिम, कायमचा वा तात्पुरता असं ऐसपैस. आणि मग वगळण्याची यादी येते. नदीचं पात्र वगळलं. भातशेती वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी माणसाने केलेले पाणसाठे वगळले. आता कोकणात उरलं काय? गंमत म्हणजे त्याच रामसर कराराच्या सदस्य देशांनी २००८ साली भातखाचरांना पाणथळ म्हणून गौरवणारा ठराव केलेला आहे. वगळणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा, शेतकऱ्याला नांगर धरायला परवानगी लागू नये एवढाच असावा. पण नांगराला दिलेली सवलत बुलडोझरनेही घेतली. महाराष्ट्रात रामसर दर्जाच्या जागा तीन आहेत: नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. तिसरी कोकणात मोडते खरी, पण तिथून दक्षिणेला तेरेखोलपर्यंत एकही नाही.

भरावाच्या मातीचीही एक कथा आहे. मार्च २०२०मध्ये, ऐन टाळेबंदीत, रस्ते-रेल्वेसारख्या कामांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीची गरज नाही अशी सूट केंद्राने दिली. हरकती मागवण्याची पायरीही गाळली. सर्वोच्च न्यायालयाने ती सूट मार्च २०२४मध्ये रद्द केली. मधल्या चार वर्षांत ज्या टेकड्या खाली आल्या त्या आल्या.

रस्ता बांधणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुना रस्ता म्हणजे काही पाण्याचा मित्र नव्हता. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या. नवा पूल पुढच्या ५ जूनला वाहतुकीसाठी उघडला. मनावर घेतलं तर वर्षाच्या आत नदीवर चांगला पूल होतो, हे तिथे दिसलं. अभियंत्यांना पाण्याचं गणित येत नाही असंही नाही. भारतीय रस्ते परिषदेची मोऱ्या आणि छोट्या पुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. पाणलोटाचं क्षेत्र, पावसाची तीव्रता, पुराची खूण सगळं त्यात मोजायला सांगितलंय. पण ते गणित ‘रस्ता वाहून जाऊ नये’ यासाठी मांडलेलं. वहाळ वाहता राहावा, मासा चढावा, मळ्यात गाळ बसावा हे त्या गणिताला कुणी विचारलेलंच नाही. विचारायचं काम परवानगीचं होतं.

कुणी विचारलं तर काय होतं, त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा, आता ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंच व्याघ्रप्रकल्पाला चाटून जातो. त्याच्या रुंदीकरणावर कित्येक वर्षं वाद चालला; वन्यजीव संस्था, न्यायालय, महामार्ग प्राधिकरण सगळे त्यात होते. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवल्या गेल्या, सर्वांत लांब ७५० मीटरची. त्यांतले पाच भुयारी मार्ग, आणि चार चक्क नाल्यांवरचे छोटे पूल, नेहमीपेक्षा लांब नि उंच केलेले. २०१९मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले तेव्हा अठरा जातींचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना दिसले. अकरा वाघ मिळून ८९ वेळा गेले होते. वाघाच्या पुण्याईने नाल्याला पूल मिळाला. कोकणातल्या वहाळाचं दुर्दैव इतकंच की त्याच्यात वाघ नाही, मरळ आहे.

हाच ६६ क्रमांकाचा रस्ता केरळात गेला की चित्र थोडं बदलतं. तिथे २००८पासून भातजमीन आणि पाणथळ यांच्या रक्षणाचा राज्याचा वेगळा कायदा आहे. कण्णूर जिल्ह्यात कीळाट्टूरच्या शेतकऱ्यांनी २०१७-१८मध्ये भातखाचरांतून जाणाऱ्या वळणरस्त्याला विरोध केला. स्वतःला त्यांनी ‘वयलकिळिकळ’ म्हणवून घेतलं, म्हणजे शेतातले पक्षी. सरकारी गरजेपुढे कायदा वाकतो, तसा तिथेही वाकला आणि आखणी बदलली नाही. पण मे २०२५मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाडला याच महामार्गाचा उंच भराव खचला. तोही भातखाचरांवर उभा होता. खालची जमीन पाणी पिऊन मऊ झाली होती. भरावाऐवजी तिथे खांबांवरचा रस्ता करायचं ठरलं. सुरुवातीलाच खांबांवर नेला असता तर खालून पाणी गेलं असतं, आणि पैसेही एकदाच गेले असते.

परदेशी उदाहरण द्यायचा मोह आवरता घेतो, पण एक सांगायला हवं. अमेरिकेत १९७२च्या स्वच्छ जल कायद्याच्या ४०४व्या कलमाखाली ओढ्यात किंवा दलदलीत भराव टाकायलाच परवाना लागतो, रस्ता कितीही लांब असो. रस्त्यासारख्या कामांचा सुटसुटीत सर्वसाधारण परवाना भरतीबाहेरच्या पाण्यात अर्ध्या एकरापर्यंतच चालतो, म्हणजे आपल्या वीस गुंठ्यांपर्यंत; त्यावर गेलं की सविस्तर छाननी. आधी टाळा, टळत नसेल तर कमी करा, उरलेलं भरून द्या, असा क्रम ठरलेला. तिथेही मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुठलं पाणी या कायद्यात येतं याची व्याख्या बरीच आवळली. तरी तिथे मोजतात ते बुजणारं पाणी. आपण मोजतो वाढणारा रस्ता.

माझं मत सरळ आहे. शंभर किलोमीटर आणि चाळीस मीटर ही पट्टी कोकणासाठी निरुपयोगी आहे. रुंदीकरण दहा किलोमीटरचं असो की चारशे, ओलांडलेल्या प्रत्येक वाहत्या पाण्याची यादी, त्याच्या मोरीची तळपातळी आणि बुजणाऱ्या मळ्याचं क्षेत्र काम सुरू होण्याआधी ग्रामसभेपुढे आलं पाहिजे. यासाठी दिल्लीची वाट पाहायलाच हवी असंही नाही. केरळसारखा भातजमिनीचा कायदा महाराष्ट्राची विधानसभाही करू शकते.

तोवर एक काम वाचकांनीच करावं. पुढच्या मृगात गावी असाल तर आपल्या वाडीजवळच्या मोरीच्या खालच्या तोंडाशी उभे राहा आणि पाणी किती उंचावरून पडतं ते टेपाने मोजा. वरच्या अंगाला पाणी कुठवर चढलं तिथे दगडावर रंगाची खूण करा. तारीख, फोटो आणि त्या वहाळाचं गावातलं नाव ग्रामसभेच्या इतिवृत्तात आणि गावाच्या जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्यायला लावा. मंजूर नकाशात त्या मोरीची तळपातळी काय दाखवली आहे, हे माहिती अधिकाराच्या साध्या अर्जाने मागता येतं. अर्जाचं शुल्क दहा रुपये.