मधुमेह, व्यायाम आणि घराण्याचा वारसा

जालन्यांत मोती तलावाकडे सकाळीं फिरावयास जाणारी आम्हां सेवानिवृत्तांची एक मंडळी आहे. तिच्यांतील निम्म्यांहून अधिकांना मधुमेह आहे आणि त्यांत मीही आलों. गेल्या दिवाळींत माझ्या मुलास, पस्तिसाव्या वर्षींच, साखरेनें गांठलें. “बाबा, आपल्या घराण्यांतच आहे, त्याला आपण काय करणार?” असें म्हणून तो पुन्हा खुर्चींत बसला. त्याला द्यावयाचें उत्तर शोधतांना जें वाचनांत आलें तें आज आपणांपुढें ठेवितों.

घराण्याची गोष्ट खोटी नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो भरलें. परंतु आपलें बालक स्नायूंत उणें असलें तरी चरबींत त्या मानानें उणें नव्हतें. मधुमेहाची पूर्वतयारी पुष्कळदां आईच्या उदरांतच होते ती अशी.

पण वारसा म्हणजे केवळ जनुकें नव्हेत. शाळेंत मी क्रमिक पुस्तकांत पेन्सिलीनें खुणा करीत असें: हा धडा घ्यावयाचा, हा वगळावयाचा. छापील अक्षर तेंच राही, वर्गांत वाचलें जाई तें मात्र बदले. आपल्या पेशींतही डीएनएच्या मजकुरावर मिथिल नांवाच्या रासायनिक खुणा असतात. जनुकाच्या आरंभीं त्या दाट झाल्या कीं तें बहुधा मुकें राहतें. अशा फेरफारांनाच एपिजेनेटिक बदल म्हणतात.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंतील संशोधकांना २००९ मध्यें मधुमेही माणसांच्या स्नायूंत पीजीसी-१-अल्फा ह्या जनुकावर अशा खुणा अधिक आढळल्या. पेशींतील इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढविण्याचें काम ह्याच जनुकाचें. पुढें २०१२ मध्यें त्यांनीं निरोगी पण बैठ्या माणसांकडून सायकल चालवून घेतली, तों एकाच वेळच्या श्रमानें त्या जनुकावरील खुणा कमी झाल्या. तेंही श्रम जोराचे असतां अधिक. तलावाकाठीं राजकारण बोलत रेंगाळणाऱ्या आमच्या मंडळीनें हें ध्यानीं घ्यावें! स्वीडनमधल्याच लुंड विद्यापीठानें २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २३ पुरुषांनीं सहा महिने, आठवड्यांतून सरासरी दोन वेळांहूनही कमी, व्यायाम केला. त्यांच्या चरबींत सात हजारांहून अधिक जनुकांवरील खुणा बदलल्या आणि मधुमेहाशीं संबंध असलेलीं जनुकेंही त्यांत होतीं.

येथें घाई मात्र करूं नये. हे पुरुष मधुमेही नव्हते, आणि बदललेल्या खुणांमुळेंच साखर उतरते असें सिद्ध झालेलें नाहीं. गोळ्या फेंकून धांवत सुटा असा तर याचा अर्थ मुळींच नव्हे. राबणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहतां रक्तांतील साखर ओढून घेतो, हें मात्र निर्विवाद आहे.

मुलास मीं हें सारें सांगितलें. गेल्या महिन्यापासून तो पहाटे माझ्यासोबत येतो. पहिली फेरी माझ्या चालीनें घेतो. दुसरीस मला बांधावर बसवून एकटाच झपाझप पुढें जातो.